फळीमागची किटली

माझ्या आत्याला दिलेली भेट आठ दिवसांत दुसऱ्याच्या घरी दिसते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. तक्रार करून करून माझं तोंड दुखलं. पहिल्या पगारातून मी तिच्यासाठी लोकरीचा मफलर आणला, तो पुढच्या सोमवारी पोस्टमनच्या गळ्यात. चामड्याची पिशवी आणली, ती वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या खांद्यावर. एकदा चांगलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. महिन्याभराने वाचनालयात पुस्तक बदलायला गेले आणि किती वाजले म्हणून वर पाहिलं, तर तेच घड्याळ, तोच निळा काटा. मी तिथूनच तिला फोन लावला.

"अगं, ते माझ्यासाठी नव्हतंच," आत्या म्हणाली. "त्यांच्यासाठी होतं. चुकून माझ्याकडे आलं, एवढंच. तिथलं जुनं घड्याळ वीस मिनिटं मागे पडायचं. लोकांच्या बस चुकायच्या."

चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे तिचं बरोबर असायचं. त्या पोस्टमनची मान थंडीत कायम उघडी असायची आणि मफलर त्याला असा शोभला, की परत मागायची सोय राहिली नाही. वाचनालयातल्या बाई तर मला बघून अजूनही घड्याळाकडे हात दाखवतात आणि तुमच्या आत्यांना सांगा म्हणतात, एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. मी दात ओठ खात हसते.

आत्याची ही खोड तिच्या कामातून आली होती. आमच्या गावात एका जुन्या गोदामात हस्तकला केंद्र आहे. पुढच्या मोठ्या खोलीत विक्री, मागे कारखाना. मातीकाम, लाकूडकाम, टोपल्या, मेणबत्त्या, साबण असं काय काय तिथे हाताने होतं. विणकाम करणाऱ्या ताईंचा माग मात्र पुढच्याच खोलीत, खिडकीशी मांडलेला, कारण गिऱ्हाइकांना तो चालताना बघायला आवडतो. आत्या तिथे एकतीस वर्षं काउंटरवर होती. दार उघडून कोणी आत आलं, की ती 'या' म्हणायची नाही, 'काय दाखवू' म्हणायची नाही. चष्मा नाकावर खाली ओढून विचारायची, "कोणासाठी?"

गावात निम्म्या लोकांना तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं. 'कोणासाठी बाईंकडे जाऊन येतो' असंच म्हणायचे.

'कोणासाठी' म्हटल्यावर नुसतं 'मित्रासाठी' सांगून सुटका नसायची. मित्र उजवा का डावखुरा, घरात पसारा करतो का, वस्तू हातातून पाडतो का, सगळं निघायचं. एक बाई सासूबाईंसाठी भेट घ्यायला आली होती.

"पटतं का तुमचं?" आत्याने विचारलं.

"नाही हो."

"मग जड वस्तू नको. फेकायला सोपी पडते." आणि तिला कापडी उशी दिली.

एक गृहस्थ बायकोसाठी काहीतरी घ्यायला आले आणि "काहीही चालेल" म्हणाले. हे दोन शब्द आत्यासमोर उच्चारायचे नसतात. तिने त्यांना चक्क परत पाठवलं. "घरी जा, आठवडाभर तिच्याकडे बघा, मग या." गृहस्थ रागावून गेले, पण आठव्या दिवशी आले आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "ती कपाचा कान धरतच नाही. दोन्ही हातांनी कप धरते आणि आधी तोंडाशी नेऊन वाफ घेते. बावीस वर्षं झाली, मी बघितलंच नव्हतं." आत्याने त्यांना बिनकानाचा, बुटका, जाड बुडाचा पेला दिला. ते इतके खूश झाले, की दर वर्षी येतात आणि आधी आठवडाभर अभ्यास करून येतात.

वस्तू देण्याआधी ती उलटी करून बूड बघायची आणि दोष असेल तर आपणच सांगायची. "याचा कान जरा तिरका आहे. तुम्हाला चालेल. तुमच्या भावाला चालणार नाही, तो फाटे फोडणारा दिसतोय." व्यवस्थापकांनी याबद्दल तिच्यापुढे कधीच हात टेकले होते, कारण असं बोलूनसुद्धा तिच्याकडून माल हातोहात खपायचा.

केंद्राचा एक नियम होता. वर्षभरात जे विकलं जाणार नाही, ते करणाऱ्याला परत. टोपलीवाले परत आलेली टोपली घरी वापरायचे, मेणबत्तीवाल्या बाई मेण वितळवायच्या. मातीकाम करणारे काका, ज्यांना सगळे मातीवाले म्हणतात, ते मात्र परत आलेलं भांडं हातोडीने फोडायचे. मागच्या अंगणातली पायवाट त्याच तुकड्यांची आहे, निळी, करडी, तपकिरी. चालायला सुंदर आहे, पण ती बघून काकांचा चेहरा पडतो, म्हणून ते लांबून वळसा घालून जातात.

आणि आत्याचा स्वतःचा एक नियम होता. आपल्या काउंटरवरची वस्तू आपल्यासाठी घ्यायची नाही. "विकणारीने एकदा स्वतःसाठी उचललं, की मग प्रत्येक गोष्टीत ती आपल्यासाठी काय बाजूला ठेवता येईल तेच बघते," ती म्हणायची. तिच्या घरात केंद्रातली एकही वस्तू नव्हती. एकतीस वर्षं गावाला भांडी निवडून देणारी ही बाई स्वतः चहा पातेल्यातून थेट कपात ओतायची, आणि दर वेळी बशीत सांडायची.

मला हे जवळून माहीत आहे, कारण मी सात वर्षं तिच्याकडे राहिले. आई-बाबांची नोकरी फिरतीची होती आणि माझ्या शाळेचे हाल होत होते, म्हणून मला आत्याकडे ठेवलं. मी नऊ वर्षांची होते. तिथल्या माझ्या पहिल्या वाढदिवसाला घरच्यांनी बाहुल्या पाठवल्या, रंग पाठवले. आत्याने सुतारांकडून करून घेतलेली लाकडी पेटी दिली, किल्लीसकट. "दुसरी किल्ली नाही," म्हणाली. "माझ्याकडेसुद्धा नाही." त्या घरात माझं म्हणावं असं काही नाही हे मला रोज वाटायचं, आणि मी ते कोणाला म्हणून बोलले नव्हते. तिने कसं ओळखलं, देव जाणे. मी ती पेटी उशाशी घेऊन झोपले.

तिने माझ्याबाबतीत एकदाही चूक केली नाही आणि मी तिच्याबाबतीत एकदाही बरोबर निघाले नाही. याचं मला वाईट वाटायचं, हसून सांगत असले तरी वाटायचं. जिने मला इतकं ओळखलं, तिला मी ओळखतच नाही की काय? त्यामुळे ती महिन्याच्या शेवटच्या शनिवारी निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं, की या वेळी तिला अशी वस्तू द्यायची, जी ती ठेवून घेईल. एवढंच. आवडली नाही तरी चालेल, पण ठेवली पाहिजे.

आता अशी वस्तू शोधायची कोणी? गावात कोणासाठी काय घ्यावं हे कळणारी एकच बाई, आणि ती खुद्द तीच. मग माझ्या डोक्यात आलं, की तिलाच विचारावं. म्हणजे कोणीतरी गिऱ्हाईक म्हणून जायचं, आत्याचंच वर्णन आत्यापुढे करायचं, आणि ती देईल ते घेऊन यायचं.

गिऱ्हाईक अनोळखी हवं होतं, आणि गावात तिला अनोळखी माणूस मिळणं मुश्कील. पण मी दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम करते, आणि आत्या दातांच्या डॉक्टरला जाम घाबरते. वरचा एक दात पडून चार वर्षं झाली, तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरते, पण दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलते. त्यामुळे आमच्या डॉक्टरांना तिने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर चाळिशीचे, लाजाळू, समोरच्याचं तोंड उघडलेलं नसेल तर त्याच्याशी काय बोलावं हे न सुचणारे. मी त्यांना दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तालीम दिली. दाताची गोष्ट मात्र सांगितली नाही. उगाच तिचं गुपित कशाला फोडा.

गुरुवारी दुपारी मी आधी जाऊन विणकाम करणाऱ्या ताईंच्या मागाशेजारी, दांडीवर लटकवलेल्या गालिच्यांमागे उभी राहिले. ताईंना कटात घेतलं होतं. त्या माग चालवत राहिल्या आणि पाच मिनिटांनी डॉक्टर आत आले. शाळेत पहिल्या दिवशी येतात तसे आले.

"कोणासाठी?" आत्या.

"शेजारच्या बाईंसाठी."

"वय?"

"पासष्ट. एकट्याच राहतात. मनाने फार चांगल्या आहेत." इथपर्यंत पाठ झालेलं होतं. "फक्त बोलायला जरा स्पष्ट."

"स्पष्ट म्हणजे तोंडाळ. पुढे."

"दुसऱ्याला काय हवं ते त्यांना बरोबर कळतं. त्यांना काय हवं ते मात्र कोणालाच कळत नाही. आणि दिलेली भेट त्या ठेवत नाहीत. देऊन टाकतात."

आत्याने चष्मा काढला. "देऊन टाकते? कोणाला?"

"ज्याला उपयोगी पडेल त्याला."

"काय आगाऊ बाई आहे हो!" आत्या उसळली. "लोक मनापासून आणतात आणि ही वाटत सुटते? समोरच्याला काय वाटेल याचा विचार नको? अशा बाईला साबण द्या. वापरला की संपला, द्यायला उरतच नाही." आणि तिने खरोखरच साबणाची वडी काउंटरवर ठेवली.

गालिच्यामागे माझी अवस्था काय सांगू. मी गालिच्याची किनार तोंडात कोंबली होती. ताई मागाखाली वाकून हसत होत्या आणि मागाची फणी एकाच जागी ठोकत होत्या.

साबण आमच्या तालमीत नव्हता. डॉक्टर बावरले. गालिच्यांकडे बघायचं नाही हे मी बजावलं होतं, तरी बघितलं. मग एकदम म्हणाले, "साबण नको. म्हणजे, जी कोणी भेट देतेय... मी देतोय... त्याला फार वाटतं हो, की एकदा तरी त्यांनी ती ठेवून घ्यावी. बाकी काही नाही. एकदा ठेवून घ्यावी."

हे मी शिकवलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी बोलता बोलता म्हणाले असेन, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

आत्याचा राग उतरला. तिने साबण परत जागेवर ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं. "असं आहे होय. मग नीट सांगा. हात कसे आहेत तिचे? चहा कशातून घेते? हसते कशी?"

"हसताना तोंडावर हात धरतात."

"का?"

आता डॉक्टर खरं तर 'माहीत नाही' म्हणाले असते तर निभावलं असतं. पण गेली दहा मिनिटं ते आत्याच्या समोर उभे राहून तिला बोलताना बघत होते, आणि माणसाची सवय जात नाही.

"वरचा डावीकडचा दुसरा दात नाहीये," ते उत्साहाने म्हणाले. "आणि शेजारचा सुळा आता त्या जागेत सरकायला लागलाय. आणखी उशीर केला तर बसवणं अवघड जाईल. खरं तर काही दुखत नाही हो, लोक उगाच घाबरतात."

माग थांबला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आत्या तशीच बसली होती आणि तिची जीभ गालाच्या आतून त्या रिकाम्या जागेवर फिरत होती, बाहेरून दिसत होतं.

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. मग गालिच्यांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, माल मोजताना बघते तसं. पण ती एवढंच म्हणाली, "बसा. वेळ लागेल."

तिने शिडी ओढून आणली आणि अगदी वरच्या फळीपर्यंत चढली. तिथे मोठे रांजण ठेवलेले असतात, जे कोणी घेत नाही. दोन रांजण बाजूला करून तिने मागून जुन्या फलालीनच्या मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि एका हाताने छातीशी धरून खाली उतरली. गालिच्याच्या फटीतून मला दिसलं. मातीची किटली होती. पावसाळी ढगाच्या रंगाची, पोटाला गोल, तोटी किंचित पुढे झुकलेली, आणि झाकणावर बोराएवढी मूठ.

ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "ही अजून आहे?" त्या कुजबुजल्या. "ही मातीवाल्यांची. अकरा वर्षं झाली. एक अख्खा हिवाळा ते किटल्या करत होते, सगळ्या भट्टीत तडकल्या, ही एकच धड निघाली. विकलीच गेली नाही गं. वर्षभर विचारत होते, मग म्हणाले, फोडून टाका तुम्हीच. त्यानंतर त्यांनी किटलीला हात लावला नाही. नुसते कप आणि वाडगे करतात."

काउंटरवर आत्या डॉक्टरांना झाकण दाखवत होती. "हे एकाच बाजूने बसतं. ही बारीक खूण आहे ना, ती कानाकडे आली पाहिजे. दुसरीकडून लावलं तर डुगडुगेल." मग तिने किटली कागदात गुंडाळायला घेतली. बूड बघितलंच नाही. वस्तू उलटी न करता देताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"ठेवतील का त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार," आत्या म्हणाली. "देऊन बघा." आणि दोरीला गाठ मारायला तिला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला.

तिला कळलं होतं की नाही? मी दोन दिवस याच विचारात. शुक्रवारी घरी गेले तर तिने ताकास तूर लागू दिली नाही. पातेल्यातून चहा ओतला, बशीत सांडला, आणि कारखान्यातल्या नळाच्या गळतीबद्दल बोलत राहिली.

शनिवारी दुपारी निरोपाला सगळे मागच्या कारखान्यात जमले. कामाची टेबलं जोडून वर कापड घातलं होतं. व्यवस्थापकांनी भाषण सुरू केलं, ते आत्याने तिसऱ्या वाक्याला थांबवलं, कारण त्यांनी तिला 'मृदुभाषी' म्हटलं. मग भेटी. सुतारांनी पोळपाटाएवढा गुळगुळीत ट्रे दिला, मेणबत्तीवाल्या बाईंनी मेणबत्त्या, टोपलीवाल्यांनी झाकणाची टोपली. आत्या प्रत्येक वस्तू घ्यायची, उलटी करायची, बूड बघायची, मनापासून आभार मानायची आणि मग तिची नजर गर्दीतून फिरायला लागायची. टोपली हातात असताना ती वाचनालयाच्या बाईंवर जाऊन थांबली. मी मनात म्हटलं, गेली टोपली.

शेवटी मी पुडकं पुढे केलं. डॉक्टर दारापाशी उभे होते. आत्याने गाठ सोडली. स्वतःच मारलेली गाठ तिला ओळखू आली नसेल असं कसं म्हणायचं? तिने कागद उलगडला आणि किटली टेबलावर ठेवली, झाकणावरची खूण कानाकडे फिरवून.

"ही फुटली नव्हती?" मातीवाले काका मागून पुढे आले. हाताला ओली माती तशीच होती. "बाई, ही माझी ना? कोणी घेतली ही? मग शेवटी गेली की ही!"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की आत्याला तिथे गप्प बसता आलं असतं. कोणालाच काही कळलं नसतं. पण ती उभी राहिली.

"अकरा वर्षं ही गेली नाही," ती म्हणाली, "कारण मी ही कोणाला दाखवलीच नाही. एकदाही काउंटरवर ठेवली नाही. परत दिली असती तर तुम्ही फोडली असती. विकली असती तर गेली असती. आणि स्वतः घ्यायची, तर माझाच नियम आडवा आला. म्हणून रांजणांच्या मागे ठेवली. सकाळी दार उघडलं की शिडीवर चढून एकदा बघायचे, आणि मग कामाला लागायचे. तुम्ही विचारायचात, गेली का, तेव्हा मी नाही म्हणायचे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझ्यामुळे तुम्ही किटल्या सोडल्यात, मातीवाले. मला माफ करा."

काका मातीच्या पोत्यावर बसले.

"मला वाटलं, किटली आपल्या हाताला जमत नाही," ते म्हणाले. मोठ्याने नाही म्हणाले. "अकरा वर्षं कप करतोय मी, बाई."

आत्याने मान खाली घातली. मग काकांनीच विचारलं, "हिच्यातून कधी चहा ओतून बघितलात?"

"नाही."

"मीही नाही बघितला," काका म्हणाले, आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. "अकरा वर्षं दोघं मिळून एका किटलीची काळजी करतोय, आणि ती ओतते कशी हे कोणालाच ठाऊक नाही!"

विणकाम करणाऱ्या ताई सगळ्यात आधी हसल्या आणि मग सगळेच. कोणी शेगडी पेटवली, कोणी कप धुतले. चहा झाला, किटलीत भरला, काकांनी स्वतः झाकण बसवलं. आत्याने ती फलालीनमध्ये धरून उचलली आणि पहिला कप काकांसाठी पुढे घेतला. तोटीतून चहाची धार अशी सुरेख वळून पडली, की टोपलीवाल्यांनी 'वा' म्हटलं. कप भरला. आत्याने किटली सरळ केली. आणि एक थेंब तोटीच्या कडेवरून खाली घसरला, पोटावरून ओघळला आणि टेबलावरच्या कापडावर पडला. मग आणखी एक.

"ठिबकते," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पुन्हा पडला. "तोटीची कड जाड राहिली. द्या इकडे, बाई. मी दुसरी करून देतो. हिचं मी बघतो." त्यांची नजर भिंतीवरच्या हातोडीकडे गेली.

आत्याचा स्वभाव मला ठाऊक होता. आता ती दोष सांगणार, आणि हा दोष कोणाला चालेल ते शोधायला तिची नजर गर्दीतून फिरणार. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ते कुठेही गेले नाहीत. तिने ती गरम किटली फलालीनसकट दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि दोन पावलं मागे सरकली.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

माझी. तीस वर्षांत मी तिच्या तोंडून कुठल्याही वस्तूबद्दल हा शब्द ऐकला नव्हता. मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत, नाक लाल होईपर्यंत रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"तू काय रडतेस?" आत्या माझ्यावर डाफरली. तिचाही आवाज धड नव्हता. "लपायचं तर बूट तरी काढायचे होतेस. गालिच्याखालून लाल बूट दिसत होते, आणि म्हणे शेजारची बाई!"

आणि ती हसली. दोन्ही हात किटलीत अडकलेले असल्यामुळे तोंड झाकायला हात उरला नाही. चार वर्षांनी मला तिचं पूर्ण हसू दिसलं, फटीसकट. दारापाशी डॉक्टर मान वाकडी करून कामाच्या नजरेने बघत होते. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

सोमवारपासून मातीवाले काका किटल्या करायला लागले. तीन महिन्यांनी ते आत्याच्या घरी नवीन किटली घेऊन आले. कड पातळ, पोटाशी तोच गोलवा, आणि थेंब म्हणून पडत नाही. आत्याने चारदा ओतून बघितलं, उलटी करून बूड बघितलं, आणि एकही दोष सापडला नाही असं तिने काकांना शब्दांत सांगितलं. काका केंद्रात परतताना अंगणातल्या त्या तुकड्यांच्या पायवाटेवरून सरळ चालत गेले म्हणतात.

आठव्या दिवशी मी दवाखान्यात पोचले, तर ती नवी किटली डॉक्टरांच्या टेबलावर.

"ती माझ्यासाठी नव्हतीच," आत्या फोनवर म्हणाली. "त्यांच्यासाठी होती. बिचारा दिवसभर लोकांची तोंडं बघतो आणि थंड चहा पितो. द्यायला गेले, तर त्याने खुर्चीत बसवलंच मला. दुखलं नाही फारसं."

आता तिला हसताना हात लागत नाही. जुनी किटली तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असते, खाली चौपदरी घडी घातलेलं फडकं, कारण ती अजून ठिबकते आणि आत्या काकांना तिची तोटी घासू देत नाही. मी दर रविवारी जाते. दार उघडलं की आधी टेबलाकडे बघते, मग तिच्याकडे. दोन वर्षं झाली. किटली तिथेच आहे.